तेविसाव्या खांबाचा उतार

जीप बंद पडली तेव्हा आम्ही नाल्याचा उतार अर्ध्याहून जास्त उतरलो होतो. नासिरभाईंनी किल्ली फिरवली. इंजिन खोकल्यासारखं करून गप्प झालं. त्यांनी पुन्हा फिरवली, आणि तेवढ्यात माझ्या छातीवर अडकवलेला वायू मोजायचा मीटर वाजायला लागला.

"नासिरभाई, उतरा," मी म्हणाले. "गाडी राहू द्या. वर पळायचं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मीटरकडे, आणि काही न विचारता दार उघडलं. आम्ही आलो त्याच वाटेनं वर धावत सुटलो. वीस-पंचवीस पावलांतच माझ्या कपाळात घण पडायला लागले. छाती भात्यासारखी चालत होती, पण हवा पुरत नव्हती. नाकात सोड्याच्या बाटलीसारख्या झिणझिण्या आल्या. उताराच्या मध्यावर एक मोहाचं झाड होतं. तिथे पोचल्यावर मीटर थांबला. आम्ही गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेतला आणि मग मागे वळून पाहिलं.

खाली नाला पांढऱ्या धुक्यानं भरला होता. डिसेंबरातली सकाळ, पावणेआठ झालेले, वाऱ्याचं नाव नाही. आमच्या चंद्रपूर भागात थंडीत नाल्यांवर असं धुकं रोजच दिसतं. पण हे धुकं वर उठत नव्हतं. ताटात पाणी ओतावं तसं ते पसरत होतं. आणि त्याच्या काठाशी, तेवीस नंबरच्या पिवळ्या खांबापासून थोडं अलीकडे, एक नारिंगी जाकीट जमिनीवर पडलेलं दिसत होतं.

"मोतीराम," नासिरभाई हळूच म्हणाले.

त्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते. सिमेंटच्या एका कारखान्यानं आपल्या धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढून, दाबून, जमिनीखालच्या नळातून एकेचाळीस किलोमीटरवरच्या पठाराकडे पाठवायला सुरुवात केली होती. तिथे विहिरी खणून तो काळ्या दगडात खोल सोडायचा, म्हणजे तो परत आभाळात जाणार नाही. काम चांगलं होतं, आजही मी तसंच म्हणेन. माझी नोकरी नळाच्या वाटेवरच्या गावांना सावध करण्याची. हा वायू जळत नाही, त्याला रंग नाही, वास नाही. पण तो हवेपेक्षा जड असतो, सखल जागी साचतो आणि तिथली हवा हटवतो; त्यात माणूस गुदमरतो, इंजिनही बंद पडतं. म्हणून गळती झाली तर खाली थांबायचं नाही, वर जायचं. आणि कोणी पडलेलं दिसलं तर त्याला उचलायला जायचं नाही.

हे शेवटचं लोकांच्या पचनी पडत नसे. बोरगुड्याच्या सभेत पहिल्या रांगेत बसलेली एक बाई उठून उभी राहिली होती. "आपला मानूस असन तरी?" तिनं विचारलं. मी म्हणाले, तरी. मग मी शेजारच्या गावातल्या विहिरीची गोष्ट काढली. गाळ काढायला बाप उतरला, तो वर येईना म्हणून पोरगा उतरला, त्याच्यामागे गडी. तिन्ही प्रेतं एकाच खाटेच्या दोरीनं वर काढली होती. ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती. बाई खाली बसली, पण तिचं समाधान झालेलं दिसलं नाही.

ती जंगूबाई. मोतीराम आत्रामची बायको.

मोतीरामभाऊ आमचे लाइनवर चालणारे. रोज सकाळी नऊ किलोमीटर नळाच्या वरून चालत जायचं. कुठे खणलंय का, माती खचलीय का, कुठे गवत अचानक वाळलंय का ते पाहायचं आणि फोन करायचा. पंचेचाळिशीचा, बारीक चणीचा, कमी बोलणारा माणूस. सभेत मी नियम सांगितले की गावातल्या लोकांना ते गोंडीत समजावून सांगायचं काम त्यांचंच. माझ्यापेक्षा चांगलं सांगत असावेत, कारण त्यांचं ऐकताना माना हलायच्या.

त्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी नियंत्रण कक्षातून खटी साहेबांचा मला फोन आला होता. बावीस ते चोवीस नंबरच्या खांबांमध्ये नळातला दाब किंचित घटतोय. गळती आहे की पुन्हा यंत्रच खोटं बोलतंय, ते मोतीरामकडून पाहून घे, असं त्यांनी सांगितलं. महिन्याभरात दोनदा खोटा इशारा आला होता आणि दोन्ही वेळा लाइन बंद करावी लागली होती. लाइन बंद झाली की कारखान्यातला सगळा वायू आकाशात सोडावा लागे. त्यात त्या दिवशी दिल्लीहून पाहणीला माणसं यायची होती. मी मोतीरामभाऊंना फोन लावला. ते जवळच होते. पाहून सांगतो म्हणाले. साडेसातला मी परत लावला तर घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मग मी नासिरभाईंना जीप काढायला सांगितली.

मोहाच्या झाडापाशी फोनला एक दांडी रेंज होती. मी खटी साहेबांना लावला.

"सर, लाइन बंद करा."

"पक्कं आहे का?"

"माणूस पडलाय सर. मोतीरामभाऊ."

 पलीकडे त्यांनी कोणाला तरी ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, आणि परत माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज अगदी सपाट झाला होता. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद होतील, ते म्हणाले, पण मधल्या नऊ किलोमीटरमध्ये भरलेला वायू निघत राहणार. तास, दोन तास. व्हॉल्व्ह स्टेशनवरून दोन माणसं तोंडाला मास्क आणि पाठीला हवेचे सिलिंडर लावून निघतील. पंधरा मिनिटं.

"तू खाली जाऊ नकोस," ते म्हणाले. "कुंदा, ऐकते आहेस ना?"

मी नासिरभाईंना वरच्या वाटेनं गावाकडे पाठवलं. तूर राखायला माणसं त्या वेळेला निघायची, आणि सगळ्यांची वाट याच नाल्यातून. ते धावत गेले. मी एकटी उरले.

पंधरा मिनिटांपूर्वी पडले असतील की अर्ध्या तासापूर्वी, काही कळत नव्हतं. ते कुशीवर होते, डोकं उताराच्या बाजूला, म्हणजे वरच्या अंगाला. हे एवढंच त्यांच्या बाजूनं होतं. माझ्यापासून अंतर फार तर ऐंशी पावलं. मी मनात मोजून पाहिलं: खाली जायला अर्धं मिनिट, उचलायला अर्धं, वर ओढत आणायला दोन. तीन मिनिटं श्वास रोखून धरायचा. मी सभांमधून लोकांना सांगत असे की असं गणित ज्यानं ज्यानं केलं तो मेला. आणि मी तेच गणित पुन्हा पुन्हा करत होते.

तेवढ्यात मागून पावलं वाजली.

जंगूबाई होती. हातात पितळी डब्याची पिशवी. त्यांचं घर टेकाडाच्या मागेच, गावापासून जरा बाजूला. नासिरभाई वरच्या वाटेनं गेल्यामुळे त्यांची आणि तिची गाठ पडली नव्हती. नवरा चहाला आला नाही म्हणून ती भाकर घेऊन निघाली होती. मला पाहून ती थोडी हसली. मग तिनं माझ्या खांद्यावरून खाली पाहिलं.

तिनं काही विचारलं नाही. पिशवी खाली टाकली आणि निघाली.

मी तिच्या कमरेला मागून मिठी मारली. ती माझ्याहून लहानखुरी होती, पण रोज डोंगर चढणारी, मोळ्या वाहणारी. तिनं मला चार पावलं खेचत नेलं. मीटर वाजायला लागला.

"सोड मले."

"मावशी, खाली वायू आहे. तुम्ही जाल आणि पडाल."

"सोड म्हनते ना."

"माणसं येताहेत मास्क घेऊन. दहा मिनिटं."

"दहा मिन्टात तो मरन!"

मी तिला ओढून झाडापर्यंत आणलं आणि तिच्यासकट खाली बसले. एक पाय मुळाला अडकवला, दोन्ही हात तिच्या पोटावर एकमेकांत गुंफले. ती गोंडीत ओरडायला लागली. मला गोंडी येत नाही. तिच्या नवऱ्याला हाक मारत होती की देवाला की मला शिव्या देत होती, कळलं नाही. मग तिनं मान वाकवली आणि माझ्या हाताला चावली. कोपराच्या खाली, पूर्ण जबड्यानं. मी ओरडले असेन. पण हात सुटले नाहीत.

थोड्या वेळानं तीच थांबली. धापा टाकत होती. तिच्या केसांना चुलीचा वास होता. "तूच सांगितलं होतं," ती म्हणाली. "आपला मानूस असन तरी. मले आठोते." मला वाटलं आता ती ऐकेल. मी हात जरा सैल केले.

"हालला," ती म्हणाली. "पाह्य. पाय हालला त्याचा."

मीही पाहिलं. नारिंगी जाकिटाच्या खालचा डावा पाय आखडला आणि पुन्हा सरळ झाला. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मी तिला सोडणार होते. सोडणार होते, एवढंच नाही, तिच्या पुढे धावणार होते. माणूस जिवंत आहे, ऐंशी पावलांवर आहे, पाय हलवतो आहे, आणि आपण झाडाखाली बसून आहोत, हे शरीराला पटत नाही. डोक्याला पटतं, पण उठतं ते शरीर.

आणि तेव्हाच मीटर पुन्हा वाजायला लागला. आम्ही हललोच नव्हतो. झाडापाशी दहा मिनिटांपूर्वी तो शांत होता. आता दीड टक्का दाखवत होता, बघता बघता दोन. धुक्याची कड आमच्याकडे सरकली नव्हती, पण धुकं म्हणजे वायू नव्हे, त्याच्या गारठ्यानं धरलेली वाफ. वायू दिसत नाही. तो नाला भरून वर चढत होता.

"मावशी, उठा. वर जायचं."

"आनखी वर? आनखी लांब?"

"उठा!"

तिनं स्वतःला जमिनीवर सोडून दिलं, एखाद्या पोत्यासारखं. मी तिच्या काखेत हात घालून उलट्या पावलांनी वर ओढत नेलं. तिच्या टाचा मातीत दोन रेघा ओढत येत होत्या. सहा-सात पावलं ओढायची, थांबायचं, मीटर पाहायचा. तीन. पुन्हा ओढायचं. माझं डोकं फुटायला आलं होतं. झाडाच्या वर उताराला एक फुगवटा होता. तो ओलांडल्यावर मीटर गप्प झाला, पण तिथून खालचं काही दिसत नव्हतं. ना जाकीट, ना खांब.

तिला ते कळलं. ती उठून बसली, पण पळाली नाही. दोन्ही गुडघे छातीशी घेतले, पदर तोंडात कोंबला आणि त्या फुगवट्याकडे बघत राहिली. मी तिचं मनगट धरून ठेवलं होतं. तिनं ते सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

आठ वाजून सहा मिनिटांनी व्हॉल्व्ह स्टेशनची गाडी आली. भास्कर फिटर आणि त्याचा जोडीदार, दोघांच्या पाठीवर सिलिंडर, तोंडावर मास्क. ते आमच्याकडे न बघता उतरले. किती वेळ लागला ते मी घड्याळात पाहिलं नाही. ते फुगवट्यावरून परत दिसले तेव्हा त्यांच्या मधे मोतीरामभाऊ लोंबत होते. ओठ निळे-काळे, तोंडाला फेस. भास्करनं स्वतःचा मास्क काढून त्यांच्या तोंडाला लावला आणि आम्हाला खूण केली: चालू आहे. श्वास चालू आहे.

मी जंगूबाईचं मनगट सोडलं. ती गेली आणि नवऱ्याच्या पायांपाशी बसली.

एकोणीस दिवस ते चंद्रपूरच्या दवाखान्यात होते. वाचले. उजवा हात कापायचा, चालताना तोल जायचा, पण वाचले. आदल्या संध्याकाळपर्यंतचं त्यांना सगळं आठवत होतं; त्या सकाळचं काही नाही. डॉक्टर म्हणाले, ते आता आठवणारही नाही.

गावातलं कोणी गेलं नाही. जनावरं गेली, नाल्यातली पाखरं गेली. नासिरभाईंनी वाटेवर चौदा माणसं अडवली होती. कारखान्यानं माझं नाव कौतुकासाठी पुढे पाठवलं. बोरगुड्याच्या सरपंचांनी शाल-नारळाची तयारी केली, आणि शाल जंगूबाईच्या हातून द्यायची असं ठरलं, कारण तिचा जीव मी वाचवला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं माझा हात स्वतः उलगडून पट्टी पाहिली होती. "लय चावली मी," ती म्हणाली होती. "माह्या जीवासाठी चावून घेतलं तू."

मी पट्टीवर बाही ओढली.

चौकशी कारखान्याच्या विश्रामगृहात होती, बाहेरून आलेले तीन अधिकारी. आदल्या संध्याकाळी खटी साहेब माझ्या खोलीवर आले. चांगला माणूस होता. दोन महिन्यांत त्यांचं वजन उतरलं होतं. त्यांनी कारखान्याच्या अहवालाचा मसुदा आणला होता. त्यात एक वाक्य होतं: कर्मचारी मोतीराम आत्राम यांनी सूचना माहीत असूनही स्वतःहून नाल्यात प्रवेश केला.

"फोनची नोंद आहे," ते म्हणाले. "सात एकवीसला तू त्याला दुसऱ्यांदा लावलास. एक मिनिट चाळीस सेकंद. काय बोललीस ते विचारतील."

"हो."

"मी तुला सांगितलं होतं की वरून पाहायला सांग. सांगितलं होतं ना? की नाही, मलाच आता आठवत नाही." त्यांनी मसुदा टेबलावर ठेवला. "तू काय सांगितलंस ते मी विचारत नाही, कुंदा. तुम्हा दोघांखेरीज ते कोणाला माहीत नाही. आणि त्याला आठवत नाही."

ते गेल्यावर मी दिवा लावायचाही विसरले. अंधारात बसून तो एक मिनिट चाळीस सेकंदांचा फोन मनात पुन्हा ऐकला, जसा त्या झाडाखाली जंगूबाईला धरून बसले असताना ऐकत होते, जसा त्यानंतर रोज ऐकत होते.

मोतीरामभाऊ म्हणाले होते, म्याडम, वरून पाह्यलं. धुकं हाय का ग्यास हाय, इथून समजत नाई. आवाज येते थोडा, पन तो पान्याचाबी असन.

मी म्हणाले होते, साहेबांना पक्कं हवंय.

 मग त्यांनी विचारलं होतं, "मंग खाली जाऊन पाहू का?"

उत्तर नाही असं होतं. नियमाचा कागद मीच लिहिला होता. पण महिन्याभरात दोनदा लाइन बंद पडली त्यातली एक माझ्या सांगण्यावरून पडली होती, आणि त्यावरून बैठकीत मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. मला पुन्हा चुकायचं नव्हतं. मी म्हणाले, "जरा जवळ जाऊन बघा. सांभाळून."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

दुसऱ्या दिवशी तीन अधिकाऱ्यांसमोर मी हे जसंच्या तसं सांगितलं आणि सही केली. खटी साहेब खिडकीबाहेर बघत होते. पुढे माझी नोकरी गेली. ती जायलाच हवी होती. नियम बदलला: दाब घटला की आधी लाइन बंद, मग पाहणी, आणि कोणालाही फोन करून खात्री करून घ्यायची नाही. मोतीरामभाऊंविषयीचं ते वाक्य अहवालातून गेलं. पण हे सगळं नंतर झालं. त्या दिवशी सही करून मी बाहेर आले आणि एसटीनं बोरगुड्याच्या फाट्यावर उतरले.

मोतीरामभाऊ अंगणात खाटेवर बसले होते. मला पाहून त्यांनी उठायचा प्रयत्न केला आणि मग थांबून बायकोकडे पाहिलं. "उठू का?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, बसा. तिनं मला पाणी आणून दिलं, चहा टाकला. चुलीत काटकी सरकवायची होती, तर त्यांनी पुन्हा विचारलं, सरकवू का? दावणीची बैलजोडी पाण्यासाठी हंबरत होती. सोडू का, त्यांनी विचारलं. तिनं नुसती मान हलवून नको म्हटलं.

मी तिच्याकडे पाहिलं.

"दवाखान्यातून आल्यापासून असंच," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळं इचारते. मुतायले जाऊ का, तेबी इचारते. म्हनते, म्याच लोकायले शिकवलं खाली जाऊ नका आन म्याच गेलो. माह्या डोस्क्यात तवाच काई बिघडलं असन. आता माह्या डोस्क्याचा भरवसा नाई म्हनते. गावातली पोट्टी हासते त्याले."

मी चहाचा कप खाली ठेवला.  मी खाटेसमोर जमिनीवर बसले.

"मोतीरामभाऊ, तुम्ही स्वतःहून नव्हता गेला."

त्यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं.

"मी फोन केला होता. तुम्ही वरून पाहिलं होतंत. तुम्ही सगळं बरोबर केलं होतंत. मग तुम्ही मला विचारलंत, खाली जाऊन पाहू का. मी म्हणाले, जवळ जाऊन बघा."

जंगूबाई चुलीपाशी होती. तिचा हात थांबला.

मोतीरामभाऊंनी खाटेची कड धरली. मग म्हणाले, "म्या इचारलं होतं?"

"हो."

"काय इचारलं? परत सांगा."

मी परत सांगितलं. ते शब्द, त्याच क्रमानं. धुकं हाय का ग्यास हाय. आवाज येते थोडा. ते ओठ हलवत माझ्या मागोमाग म्हणत होते, पाठ करायला दिल्यासारखे. पूर्ण झाल्यावर त्यांनी बायकोकडे वळून गोंडीत काहीतरी सांगितलं. छोटंसं वाक्य होतं.  त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी आजही राग म्हणू शकत नाही.

जंगूबाई उठली. माझा अर्धा भरलेला कप उचलून चहा अंगणात ओतून टाकला. "चाल," ती मला म्हणाली. "फाट्यापर्यंत येते."

वाटेत ती पुढे चालत होती, मी मागे. ती वळली नाही. गावाबाहेरच्या बांधापाशी आल्यावर थांबली.

"तो काय म्हने, ते तुले समजलं नसन," ती म्हणाली. "म्हने, मी येडा नव्हतो."

मी मान खाली घातली.

"त्याले बरं वाटलं. त्याचं त्याच्यापाशी. मले नाई वाटलं." ती पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलत होती. "त्या दिवशी तू मले धरून बसली. मले वाटे, ह्या बाईनं माह्यासाठी केलं. तवा तुह्या मनात हे होतं. तू मले सांगितलं नाई. दोन महिने माह्या हातचं पानी पेली, सांगितलं नाई."

"हो."

"मी सरपंचाले सांगते, शाल नको. आन तू आता इकडं येऊ नको. तुले शिव्या नाई देत मी. पन येऊ नको."

  मागून घुंगरांचा आवाज आला आणि ती वळली. मीही पाहिलं. मोतीरामभाऊ बैलजोडी घेऊन वाटेला लागले होते. एक हात बैलाच्या पाठीवर, तोल सावरत, तळ्याच्या दिशेनं. तळं नाल्यापलीकडे होतं, वाट त्या उतारावरूनच जायची.

जंगूबाईनं हाक मारायला तोंड उघडलं. पण हाक मारली नाही. ती बांधावर उभी राहिली, एक हात कपाळावर धरून, आणि बैल उताराला लागून दिसेनासे होईपर्यंत हलली नाही. मी फाट्याकडे निघाले तेव्हाही ती तिथेच होती. मोतीरामभाऊ खाली उतरले होते, आणि त्यांनी कोणालाही विचारलं नव्हतं.